मंजूर दराचा डबा

चौदा ऑक्टोबर, सोमवार, सकाळी सहा वाजून बारा मिनिटे. पोळी तव्यावर असतानाच शेगडीची ज्योत बारीक झाली, पिवळी पडली आणि विझली. मी वेळ घड्याळात पाहून टिपली, कारण तेव्हा मी पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि कोणतीही घटना वेळेशिवाय घडते हे मला मान्य नव्हते. आईला वेळेत रस नव्हता. तिने अर्धकच्ची पोळी तशीच उलटली, तव्याच्या उरलेल्या उष्णतेवर फडक्याने दाबून भाजली आणि बाबांना म्हणाली, "सिलिंडर या महिन्यात पाच दिवस आधी संपलं. म्हणजे ते नुसतं महाग होत नाहीये, लहानही होतंय." हे विधान तपासून पाहावे असे मला फार वाटले होते. वजनकाटा त्या मापाचा नसल्यामुळे राहून गेले.

आत्मकथन लिहिण्याइतके माझे वय झालेले नाही, असे आईचे आजही मत आहे. पण ज्या काळाबद्दल लिहायचे आहे तो काळ माझ्या वयापेक्षा लवकर म्हातारा झाला. त्या वर्षी ज्या किमतींना आम्ही अन्याय म्हणत होतो, त्या आता आठवल्या की हळहळ वाटते. सबब, दस्तऐवज वेळेत केलेला बरा.

आम्ही कर्वेनगरला एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहत होतो. खोल्या दोन, त्यांतली एक माणसांची आणि एक डब्यांची. पहाटे साडेचारला बाबा बुद्धवंदना म्हणत, आणि त्यांच्या धीम्या सुरावर कुकरची पहिली शिट्टी नेमकी तिसऱ्या ओळीला पडे. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी वक्तशीरपणा तेवढा घरी आणला होता. वंदना संपली की ते स्कूटर काढून मंडईला जात आणि सहाच्या आत भाजी घेऊन परत येत. मग स्वयंपाकघरात एक ठरलेला नाद सुरू होई: पोळपाटावर लाटण्याची टकटक, फोडणीची चुरचुर, आणि शेवटी स्टीलच्या डब्यांच्या कड्या बंद होण्याचा खटका, बेचाळीस वेळा. बेचाळीस डबे. इंजिनिअरिंगची मुले, नर्सिंगच्या मुली, स्पर्धा परीक्षेला बसलेले आणि बसून राहिलेले, आणि तळमजल्यावरचे पेंडसेकाका. प्रत्येक डब्यात तीन पोळ्या, एक भाजी, आमटी, भात आणि चिमूटभर शेंगदाण्याची चटणी. आईच्या हाताची पोळी चाळीस ग्रॅमची असे. हे मी एकदा प्रयोगशाळेच्या सवयीने तपासले होते. वीस पोळ्यांत फरक दोन ग्रॅमच्या आत होता. आमच्या विभागातल्या काही उपकरणांबद्दल मला असे म्हणता आले नसते.

महागाई आमच्या घरी बाबांच्या पिशवीतून येत असे. मंडईत लोणी काळभोरची एक भाजीवाली त्यांच्या ओळखीची होती. बाबा रोज तिला विचारत की आज कोथिंबिरीला काय झाले, आणि ती रोज सांगे, "बाबा, मला इच्यारू नगा. मी पन घरी जाऊन माझ्या मालकाला ह्येच इच्यारती." बाबा हे वाक्य घरी आणत, भाजीबरोबर, फुकट. त्या दिवसांत फुकट मिळणारी तेवढीच गोष्ट होती.

सरकार हातावर हात ठेवून बसले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकार फार काम करत होते. घरगुती सिलिंडरवर दिलासा जाहीर झाला. आमचे घर घरगुती होते, पण शेगडी व्यावसायिक होती, त्यामुळे दिलासा जिना चढून आला नाही. टोमॅटो महागला तेव्हा तो कमी खावा असा सल्ला मिळाला. डाळ महागली तेव्हा ती येत्या काळात स्वस्त होईल असे आश्वासन मिळाले, आणि दोन्ही गोष्टी पोषक असल्याचे दूरदर्शनवरच्या एका चर्चेत सिद्ध झाले. तक्रारींसाठी एक पोर्टल उघडण्यात आले. त्यावर मी रीतसर तक्रार नोंदवली: विषय, पार्श्वभूमी, निरीक्षणे, मागणी. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, आणि आपला अनुभव पाचपैकी किती ताऱ्यांचा होता. मी आईला विचारले की महागाई गेली का. ती म्हणाली, "गेली असेल, मी भाकरीच्या पिठात होते, लक्ष नव्हतं."

पेंडसेकाकांना मी हे सांगितले तेव्हा ते डबा घ्यायला आमच्या दारात उभे होते. काका निवृत्त मुख्याध्यापक. काकू गेल्यापासून दोन्ही वेळचा डबा आमचा. ते म्हणाले, "चूक तुझी आहे, प्रज्ञा. महागाई झालीये हे तू लेखी कळवलंस. आता ती खरंच आहे का हे पाहायला समिती नेमावी लागेल, समितीला चहा लागेल, आणि चहा-साखर आणखी महाग होईल."

विनोद बाजूला ठेवून मी हिशेब मांडला, कारण प्रश्न खरोखर एकच होता आणि तो आईचा होता: डबे चालू राहणार की बंद होणार. सध्याच्या सत्तर रुपयांना एक डबा परवडत नव्हता. दर पंच्याऐंशी केला तर परवडत होता, पण मग मुले गळणार होती. सिलिंडर, भाडे, किराणा असे सगळे धरून मी आकडा काढला की पंच्याऐंशी रुपयांनी किमान पंचवीस डबे राहिले तर आई तरते. चोवीस राहिले तर दर महिन्याला थोडे थोडे बुडते. तिसरा मार्गही होता आणि आसपासच्या सगळ्या खानावळींनी तो केव्हाच घेतला होता: पोळी पातळ, आमटी त्याहून पातळ. आईपुढे मी तो केवळ शास्त्रीय पूर्णतेसाठी मांडला. तिने लाटणे खाली ठेवले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा उचलले. त्या विषयावरची चर्चा तिथे संपली. दिवाळीपर्यंत थांबू, असे ठरले.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे क्षीरसागर साहेब आले. खात्याचे नाव सांगत नाही; नाव बदलले तरी खाते बदलत नाही. पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात दोन पेने, बोलणे इतके मऊ की नकार संपल्यावर कळे. जवळच्या मैदानावर 'महागाई दिलासा मेळावा' होणार होता. रास्त दरात कांदा, आधार कार्ड दाखवून माणशी एक किलो, शिवाय भाषणे, शिवाय लाभार्थी. मंचावर एक महिला उद्योजिका लाभार्थी म्हणून हवी होती आणि पाहुण्यांसाठी दोनशे डबे हवे होते. दोन्ही गोष्टी एकाच घरात मिळत असल्याचा साहेबांना मनापासून आनंद झाला होता. आईने विचारले की मला लाभ कोणता झालाय. ते म्हणाले, "ताई, तो होणार आहे. मेळावा नीट झाला की आमच्या प्रशिक्षणांचे डबे वर्षभर तुमच्याकडे. बारा महिन्यांचं काम."

बारा महिन्यांचे काम हे शब्द ऐकून बाबांनी पेपर घडी करून ठेवला. मलाही आतून सैल वाटले. मग साहेबांनी आदेशाची प्रत काढली. डब्यात असावयाचे पदार्थ: पोळ्या चार, सुकी भाजी, उसळ, वरण, भात, कोशिंबीर, पापड, जिलबी. दर: प्रति डबा छत्तीस रुपये, सर्व करांसह.

मी जागच्या जागी हिशेब केला. आईच्या मापाने हा डबा शंभर रुपयांना पडत होता, आणि त्यात आईची मजुरी धरलेली नव्हती. ती कुणीच कधी धरत नाही. दोनशे डब्यांमागे बारा हजार आठशे रुपयांचा तोटा. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. दर वाढवण्याचा प्रस्ताव वर गेलेला होता, बऱ्याच दिवसांपूर्वी गेलेला होता, आणि बहुधा तो वरच सुखात होता. आई म्हणाली की मग पदार्थ कमी करू, जिलबी नको, पापड नको. साहेब म्हणाले की पदार्थ आदेशात आहेत, लेखापरीक्षणात अडचण येते.

"साहेब, एवढ्या पैशात एवढं बसत नाही," आई म्हणाली. एखाद्याला बसचे तिकीट संपल्याचे सांगावे तशा आवाजात.

"बसवा, ताई," साहेब म्हणाले, आणि चहा संपवून गेले.

त्या रात्री आई नेहमीपेक्षा जास्त वेळ ओटा पुसत होती. मी आदेश पुन्हा वाचला. शासनाने दर गोठवला होता आणि पदार्थांची यादी गोठवली होती. पण कोणत्याही समीकरणात कुठेतरी एक मोकळी राशी असतेच, आणि ती इथेही होती: आदेशात पदार्थ होते, वजने नव्हती. मी हे आईला सांगितले. छत्तीस भागिले शंभर. प्रत्येक पदार्थ त्याच प्रमाणात लहान करायचा. एकही गाळायचा नाही, एकाचीही चव बिघडवायची नाही. बाबांना ते पटले नाही. वर्षभराचे काम हातचे जाईल, ते म्हणाले, आणि वर मंचावर शोभा होईल. माझ्या घरून कुणी अर्धपोटी गेलेला नाही, एवढेच आई दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज वेगळा होता. मग तिने फडके झटकले. "त्यांनी बसवायला सांगितलंय ना. बसवू."

मेळाव्याच्या पहाटे आमच्या घरात जे तयार झाले त्याच्याइतके काटेकोर काम मी नंतर मोठ्या प्रयोगशाळांतही क्वचित पाहिले आहे. पोळ्या वाटीच्या तोंडाएवढ्या, पण पदर सुटलेल्या, तुपाचा थेंब लावलेल्या. पापड तळून त्याचे तुकडे नव्हेत. आईने इवलेसे पापड आदल्या दिवशी स्वतः लाटले होते, कारण तुकडा वाढणे तिला अपमान वाटला असता. जिलबीला एकच वेढा. दोन घास भात, त्याला मुदीचा आकार. कोशिंबिरीत मोहरीची फोडणी होती आणि वर कोथिंबीर होती. तिचा दर पाहता ती पानेच मोजावीशी वाटत होती. डबे नेहमीच्याच मोठ्या मापाचे होते, कमी पडले ते भाड्याने आणलेले, त्यामुळे झाकण उघडले की आधी स्टील दिसे आणि मग जेवण.

मैदानावर कांद्याची रांग मंडपाला वळसा घालून गेली होती. तिच्यात अर्ध्या कर्वेनगराची तोंडे ओळखीची होती; आमची डब्याची मुलेही आधार कार्डे घेऊन उभी होती. भाषणे झाली. महागाई जगभर आहे, असे एका वक्त्याने सांगितले. ती इथे नाहीच, असे दुसऱ्याने सांगितले. टाळ्या दोघांनाही पडल्या. मग आईचा सत्कार झाला, नारळ आणि शाल. तिला पाहुण्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली आणि डबे वाटले गेले. लाभार्थी भगिनीच्या हातचे जेवण मान्यवर मंचावरच, जनतेसमोर जेवणार होते. ही कल्पना क्षीरसागर साहेबांची नव्हती, पण नंतर त्यांच्याच नावावर मांडण्यात आली.

प्रमुख पाहुण्यांनी झाकण काढले. आत पाहिले. शेजारच्याच्या डब्यात पाहिले. मंचावर एकामागून एक झाकणे निघाली आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या डब्यात डोकावू लागला. रांगेतल्या लोकांना एवढेच दिसत होते की मंचावरचे सगळे डबे उघडे आहेत आणि कुणीच जेवत नाही. पाहुण्यांनी हसत हसत ध्वनिक्षेपकावर विचारले की ताई, बाकीचं जेवण मागून येतंय का.

आईला माईक कधी धरायची सवय नव्हती. तिने तो पळीसारखा धरला.

"नाही साहेब. सगळं हेच आहे. चार पोळ्या आहेत, मोजून घ्या. दोन्ही भाज्या आहेत, वरण-भात, कोशिंबीर, पापड, जिलबी. यादीतलं काही सोडलेलं नाही. आपला दर छत्तीस रुपये आहे. छत्तीस रुपयांत बाजारातून एवढंच येतं. चव पाहा, चवीत कमी केलेलं नाही."

मग कांद्याच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या की आमच्याकडे गेलं वर्षभर असंच वाढतात, फक्त शाल मिळत नाही. हशा तिथून सुरू झाला आणि रांगेच्या वळणावरून मागे मागे जात राहिला. पेंडसेकाका पुढच्या रांगेत निमंत्रित म्हणून बसले होते. त्यांनी आपला डबा तीन घासांत संपवला, रुमालाने मिशी पुसली आणि स्वच्छ शालेय आवाजात विचारले, "मध्यंतर झाल्यावर जेवण किती वाजता?"

पाहुणे मात्र कसलेले होते, हे मान्य करायला हवे. त्यांनी पोळी चिमटीत धरून सर्वांना दाखवली आणि सांगितले की आपण सारे जरुरीपेक्षा जास्त खातो. मित आहाराचा हा संदेश एका भगिनीने दिला याचा त्यांना अभिमान आहे. दुसऱ्या दिवशीच्या प्रसिद्धीपत्रकात 'आरोग्यदायी अल्पोपाहाराचे वाटप' असा उल्लेख होता. आईच्या वाक्यांचा नव्हता. ती वाक्ये मुलांनी मोबाईलवर घेतली होती, त्यामुळे ती अडली नाहीत. पण फिरणाऱ्या चित्रफितींनी तुरीची डाळ स्वस्त होत नाही, हेही मी त्याच आठवड्यात नोंदवले.

बिल अडकले. वजन प्रमाणित नसल्याचा शेरा होता. क्षीरसागर साहेबांनी फोन करून मला पदार्थनिहाय वजनांचा तक्ता मागितला. मी तो दिला, दशांशचिन्हासह, आणि बिल निघाले. इकडे दिवाळी झाल्यावर आईने डब्याचा दर पंच्याऐंशी केला. मुलांना तिने दारात उभे करून एकदाच सांगितले आणि कारण सांगितले नाही. काही जण ओशाळून गेले, काही न सांगता गेले. नर्सिंगच्या दोन मुलींनी दोघींत एक डबा केला. पहिल्या आठवड्यात एकतीस राहिले, मग सत्तावीस, मग चोवीस. चोवीसवर आकडा थांबला. मी रोज सकाळी कड्यांचे खटके ऐकत असे आणि चोविसाव्यानंतर घर फार लवकर शांत होई. त्या शांततेत बाबा पेपर मोठ्याने उलटत. आई लोकांच्या घरी स्वयंपाकाच्या कामाची चौकशी करत होती, हे मला शेजारणीकडून कळले.

अशातच एका संध्याकाळी क्षीरसागर साहेब पुन्हा जिना चढून आले. या वेळी त्यांच्या हातात सुधारित आदेश होता. खात्याने जनतेच्या भावनेची दखल घेतली होती. दर तोच, छत्तीस; मात्र संदिग्धता दूर करण्यासाठी आता प्रत्येक पदार्थापुढे वजन नमूद केले होते. ती वजने मी ओळखली. दशांशचिन्हे माझी होती. आमच्या मेळाव्यातला डबा राज्याचा प्रमाणित डबा झाला होता.

"आता तुमचा तोटाही नाही, ताई," साहेब म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. वर मजुरीपोटी डब्यामागे चार रुपये वेगळे मंजूर झाले होते. महिन्याला सहाशे डबे, बारा महिने. मी मनात गुणाकार करत होते आणि गुणाकार चांगला येत होता. बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी हो म्हणावे असे त्यांना वाटत होते, आणि खरे सांगायचे तर मी म्हटलेही असते.

आईने आदेश वाचला नाही. तिने विचारले, "हे जेवणार कोण?"

"प्रशिक्षणाला येणाऱ्या अंगणवाडीच्या सेविका. खेड्यापाड्यांतून येतात. सकाळी सहाला निघालेल्या असतात बिचाऱ्या."

"मग नाही जमायचं," आई म्हणाली. "तो डबा मंचासाठी होता."

साहेबांनी आणखी एकदा मऊपणे समजावले. दुसरे कुणीतरी हे काम घेईलच, त्या सेविकांना तेच मिळेल, फरक पडेल तो फक्त तुम्हाला. प्रत्येक मुद्दा तर्काला धरून होता. आईने सगळे मुद्दे ऐकले आणि त्यांच्यापुढे चहाबरोबर ताट ठेवले, कारण जेवणाची वेळ झालेली होती: दोन पोळ्या, वांग्याची भाजी, आमटी, भात. आधी नको म्हणून मग ते जेवले. हळूहळू, कुणाशी न बोलता, आमटीची वाटी तिरकी करून शेवटच्या थेंबापर्यंत. साहेबांचे कुटुंब साताऱ्याला होते आणि बदलीमुळे ते वारज्यात एका खोलीत एकटे राहत होते, हे त्या जेवणात कळले. आजही मला त्या माणसाचा राग येत नाही. राग धरायला लागणारी जागा त्याच्या टेबलावर नव्हती, ती कुठल्यातरी वरच्या मजल्यावर होती आणि तिथली लिफ्ट फक्त वर जात होती.

आदेशाची प्रत त्यांनी घडी करून खिशात घातली. चपला घातल्या. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबले आणि मागे न पाहता विचारले, "ताई, उद्यापासून एक डबा मिळेल का? माझा स्वतःचा. तुमच्या दराने."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली की पैसे महिन्याचे आगाऊ लागतात. साहेब परत वर आले आणि त्यांनी ते दिले, रोख. पावती मागितली नाही.

त्या दिवशीची माझी नोंद एका ओळीची आहे. डबे: पंचवीस.